कृपेचा व्यवहार: ‘स्मृतिचित्रे’ आणि धर्मांतरकथनाची चौकट

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी समीक्षेने या ग्रंथाचा गौरव प्रामुख्याने दोन अंगांनी केला. एक, निरागस व विनोदी शैलीतील स्त्रीचे आत्मकथन. दोन, रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) या विलक्षण पुरुषाचे पत्नीने रेखाटलेले चित्र. या दोन्ही वाचनांत ग्रंथातील ख्रिस्ती आशय पार्श्वभूमीला जातो. ज्यांनी त्याची दखल घेतली, त्यांनी तो ‘धर्मांतरकथन’ या तयार कप्प्यात ठेवला. हा कप्पा येथे अपुरा पडतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

धर्मांतरकथनाचा पाश्चात्त्य नमुना संत ऑगस्टिनच्या ‘कन्फेशन्स’मध्ये सापडतो. मिलानमधील बागेत, ३८६ साली, दीर्घ अंतःसंघर्षाची परिणती एका क्षणात होते आणि आयुष्याचे ‘पूर्वी’ व ‘नंतर’ असे दोन भाग पडतात. मराठीत बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ या नमुन्याच्या जवळ जाते. तेथे वाचन, शंका आणि वादविवाद यांतून सत्याकडे वाटचाल होते. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात बाप्तिस्मा आणि कृपेचा प्रत्यक्ष अनुभव यांत काही वर्षांचे अंतर आहे. तेथे नमुना सैल होतो, तरी कथनाचा केंद्रबिंदू अंतःकरणच राहतो.

लक्ष्मीबाईंकडे हा केंद्रबिंदू घरात येतो. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी त्यांच्यापासून दूर काढली. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी आपले सोवळे सांभाळून राहिल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. परंतु ग्रंथातील निर्णायक वळण या विधीच्या आधीच येते. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाचा त्या आपल्या पद्धतीने छडा लावतात आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असा निश्चय करतात. परिवर्तनाची कसोटी येथे श्रद्धासूत्राचा उच्चार नसून पाण्याचा पेला आहे. ज्या घरात वडील बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज आत घेत नसत, त्या घरात वाढलेल्या स्त्रीच्या बाबतीत या पेल्याचे मोल वेगळे सांगायला नको.

येथे शब्दाचा विचार आवश्यक ठरतो. मराठी बायबलातील ‘कृपा’ हा शब्द संतपरंपरेतून आणि गुरुपरंपरेतून आलेला आहे. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे टिळकांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. १९१७ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यामागेही हीच धारणा होती. टिळकांच्या अभंगांत कृपा आर्त हाकेतून प्रकट होते. लक्ष्मीबाईंच्या गद्यात हा शब्द फारसा मिरवत नाही. ती आलेल्या-गेलेल्याच्या पानात वाढली जाते. बालकवी ठोंबरे या घरात राहिले ते घरातलेच एक होऊन. त्यांच्यावरील मायेला धर्मांतराची अट नव्हती. अपात्रालाही मिळणारे विनाअट दान ही कृपेची धर्मशास्त्रीय व्याख्या होय. येथे ती पाहुणचाराच्या रूपात दिसते.

एवढ्यावर थांबलो तर वाचन गोड पण अर्धवट राहील. दान विनाअट असले तरी त्याचा खर्च कोणीतरी सोसत असते. टिळकांच्या औदार्याला हिशेबाचे वावडे होते. हातातला पैसा कोणाला तरी देऊन टाकावा, जेवणार किती आणि घरात शिधा किती याचा विचार मागाहून कोणीतरी करावा, अशी त्यांची रीत. हे ‘कोणीतरी’ म्हणजे लक्ष्मीबाई. त्यांच्या विनोदाकडे केवळ स्वभावाचा गोडवा म्हणून पाहणे मला पुरेसे वाटत नाही. तो या खर्चाची नोंदवही आहे. त्यात तक्रार आहे, तशीच क्षमाही आहे, आणि दोन्ही एकाच वाक्यात नांदतात. पतीला कथनभर ‘टिळक’ म्हणणारी ही लेखिका त्याला पूज्य मूर्ती होऊ देत नाही. त्याची फजिती सांगते आणि तरीही त्याच्यावर प्रेम करते. पात्रता न पाहता केलेल्या प्रेमाचे ग्रंथातील सर्वांत सातत्यपूर्ण उदाहरण कदाचित हेच असावे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पेल्याचा प्रसंग आपण देणाऱ्याच्या बाजूने वाचत नाही. ज्याच्या हातचे पाणी आता चालणार होते, त्याला त्या क्षणी काय वाटले असेल, हे ग्रंथ सांगत नाही. त्याचा आवाज आपल्यापर्यंत येतो तो लेखिकेच्या सहानुभूतीतून. मराठी ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग दलित जातींतून आलेला असता, ब्राह्मणकुळातील धर्मांतरितांचीच कथने प्रातिनिधिक मानली गेली, याचे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या प्रामाणिकपणाला त्यामुळे उणेपणा येत नाही. आपल्या अभ्यासाची कक्षा मात्र अपुरी असल्याचे लक्षात येते.

महाराष्ट्राबाहेरच्या अध्यापनात हा ग्रंथ अनेकदा अनुवादातून शिकवावा लागतो. शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ साली आल्यापासून ते सुकर झाले आहे. परंतु ‘सोवळे’ हा शब्द समजावून सांगताना दरवेळी जाणवते की, तो न कळता येथील कृपाही कळत नाही. एका भाषेतील कृपेचा अर्थ त्या भाषेतील विटाळाच्या अर्थाशी बांधलेला असतो. भारतीय भाषांतील ख्रिस्ती आत्मकथनांचा तौलनिक अभ्यास व्हायचा असेल, तर त्याचा आरंभ सिद्धान्तांच्या भाषांतरापेक्षा अशा शब्दजोड्यांपासून करावा. तसे केल्यास ‘स्मृतिचित्रे’ हे धर्मांतरकथनाचे एक प्रादेशिक उदाहरण राहणार नाही. त्या साहित्यप्रकाराची व्याख्याच फेरतपासायला लावणारा ग्रंथ म्हणून त्याचे स्थान निश्चित होईल.