बाना आणि कुंचला

नागपूर हे नगर गोंड राजा बख्त बुलंद शहा याने वसविले, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्या गोंडांच्या कथांशी आमचा परिचय किती, असे कोणी विचारल्यास आम्हां सुशिक्षितांस मान खाली घालावी लागेल. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ साली वारले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. त्यांत परधान गायकाच्या तोंडून उतरून घेतलेले लिंगोचे दीर्घ गीत आहे. महादेवाने गुहेत कोंडलेल्या गोंडांस लिंगो सोडवितो, त्यांची कुळे लावून देतो, त्यांस देवपूजा शिकवितो, असे त्याचे कथानक. गीत छापले गेले खरे. परंतु ग्रंथालयाच्या कपाटात शिरून तेही जणू पुन्हा एका गुहेत जाऊन बसले.

ही कथा जिवंत ठेवण्याचे काम परधानांचे. परधान हा गोंडांचा भाट. यजमानाच्या दारी जाऊन बाना नामक तंतुवाद्यावर तो बडादेवास आवाहन करी, कुळाची कीर्ती गाई आणि त्याबद्दल दान घेई. यजमानांची ऐपत खालावली, तसे गायकाचे बोलावणेही कमी झाले. श्रोता नाहीसा झाला म्हणजे गीताने कोठे जावे, हा प्रश्न नुसता रसिकांचा नव्हे; तो गायकाच्या चुलीचाही आहे.

या प्रश्नास एक उत्तर पाटणगढ या खेड्यातून मिळाले. हे गाव आज मध्य प्रदेशाच्या दिंडोरी जिल्ह्यात असले, तरी १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच मोडत असे. व्हेरिअर एल्विन यांनीही येथे कित्येक वर्षे वास्तव्य केले होते. येथील जनगढ सिंह श्याम या परधान तरुणाने घराच्या भिंतीवर काढलेली चित्रे भारत भवनाच्या मंडळींच्या नजरेस पडली आणि चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यास भोपाळला आणविले. भारत भवन १९८२ साली उघडले. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत, १९८९ साली, जनगढांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतीही त्यांनी रंगविल्या.

या चित्रांचे मर्म कशात आहे? आमच्या मते ते नवेपणात नसून निष्ठेत आहे. बडादेव, ठाकूरदेव, फुलवारीदेवी ही दैवते परधानांनी मुख्यतः कंठाने जतन केली होती. त्यांस कागदावर आकार द्यावयाचा तर पुढे कित्ता नव्हता. जनगढांनी ठिपक्यांच्या ओळींवर ओळी रचून आकृती भरल्या. त्यांच्या हरणाची शिंगे झाडाच्या फांद्यांसारखी फुटत जातात; पशू कोठे संपतो आणि वृक्ष कोठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. ही केवळ शोभा नव्हे. ज्या कथेत देवाचे ठाणे साजाच्या झाडात आहे, तिला पशू, वृक्ष आणि देव यांमधील भिंत मान्यच नसते. त्या ठिपक्यांत आम्हांस बान्याच्या गजाची ये-जा ऐकू येते.

असाच प्रकार दूर उत्तर अमेरिकेतही घडलेला आढळतो. अलास्काच्या किनाऱ्यावरील ट्लिंगिट लोकांची कथा अशी की, एका श्रीमंताने तारे, चंद्र आणि दिवसाचा उजेड पेटाऱ्यांत दडवून ठेवला होता. डोमकावळ्याने त्याच्या घरी नातू म्हणून जन्म घेऊन तो मोकळा केला. प्रेस्टन सिंगलटरी या ट्लिंगिट शिल्पकाराने हीच कथा काचेत घडविली. टॅकोमाच्या काच-संग्रहालयात २०१८ साली तिचे प्रदर्शन झाले. पूर्वजांनी लाकडात कोरलेल्या आकृती त्याने काचेवर आणल्या. काच हे त्या लोकांचे परंपरागत द्रव्य नव्हे. परंतु उजेडाच्या कथेला ज्यातून उजेड आरपार जातो असेच द्रव्य मिळावे, यात औचित्य आहे. साधन परके असले म्हणून कथा परकी होत नाही, हे दोघांच्याही उदाहरणाने सिद्ध होते.

तथापि एक शंका उरतेच. बाना वाजे तेव्हा समोर ऐकणारा असे, आणि ती कथा त्याच्याच कुळाची असे. चित्रापुढे उभा राहणारा मात्र बहुधा कथा न जाणताच पुढे जातो. जनगढांच्या मागून आलेल्या कित्येकांच्या हातून ठिपके तेवढे राहिले आणि देव निघून गेले, असेही दिसते. याउलट त्यांचे पुतणे भज्जू श्याम यांनी लंडनच्या प्रसिद्ध घड्याळाच्या मनोऱ्यास कोंबड्याशी एकरूप केले. वेळ सांगणारे दोघेही, म्हणून ही जोडी. येथे परंपरा नुसती जतन झालेली नाही, ती नव्या जगाविषयी बोलू लागली आहे.

जनगढांनी २००१ साली जपानातील एका संग्रहालयात काम करीत असता, घरापासून दूर, आपले जीवन संपविले. त्याच्या कारणांविषयी तर्क करणे आम्हांस उचित वाटत नाही. परंतु कलावंतास देशोदेशी बोलावणारे पुष्कळ असतात आणि त्याचे म्हणणे बसून ऐकणारे थोडे, एवढा बोध त्यातून घेतल्यास गैर होणार नाही. नागपुरातील किती दिवाणखान्यांत आज अशी चित्रे टांगलेली आहेत! यजमानांनी एकदा त्यांतील कथाही विचारून घ्यावी आणि आपल्या मुलांस सांगावी. परधानास दारी बोलावण्याची तीच आता आम्हांस शक्य असलेली रीत आहे.