शाब्दिक उदाहरणे : वाचायची की ओळखायची?

प्राथमिक शाळेतल्या गणिताबद्दल शिक्षकांशी बोलायला बसले, की एक तक्रार हमखास ऐकू येते : "मुलांना बेरीज-वजाबाकी येते, पण शाब्दिक उदाहरण आले की ती अडतात." पुण्यासारख्या शहरातल्या शाळेत ही तक्रार आहे आणि मुळशी तालुक्यातल्या वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेतही आहे. तक्रार खरी आहे. तिच्यावर जो उपाय सर्रास केला जातो, त्याची मात्र तपासणी व्हायला हवी, असे आम्हांला वाटते.

हा उपाय म्हणजे खुणेचे शब्द. 'एकूण', 'मिळून', 'जास्त' दिसले की बेरीज. 'उरले', 'शिल्लक', 'कमी' दिसले की वजाबाकी. 'प्रत्येकी' आले की गुणाकार किंवा भागाकार. बाजारात मिळणाऱ्या अनेक सरावसंचांत असा तक्ता पहिल्याच पानावर असतो. पुढची उदाहरणेही या तक्त्याला धरूनच रचलेली असतात. वजाबाकीच्या पाठाखाली सगळी वजाबाकीची आणि गुणाकाराच्या पाठाखाली सगळी गुणाकाराची. अशा पानावर मुलाने वाक्य वाचण्याची गरजच उरत नाही. दोन संख्या शोधायच्या, पाठाचे नाव पाहायचे आणि क्रिया करायची. दहापैकी दहा बरोबर येतात; गुरुजी समाधानी, मूलही समाधानी.

आता पुढची दोन उदाहरणे पाहा.

१) मंगलकडे १२ बोरे आहेत. ती सीमाच्या बोरांपेक्षा ५ ने जास्त आहेत. सीमाकडे किती बोरे आहेत?

२) भाताची १५ पोती विकल्यावर घरात ८ पोती शिल्लक राहिली. विकण्यापूर्वी किती पोती होती?

पहिल्यात 'जास्त' आहे. तक्त्याप्रमाणे उत्तर १७. खरे उत्तर ७. दुसऱ्यात 'शिल्लक' आहे; तक्त्याप्रमाणे उत्तर ७. खरे उत्तर २३. संख्या लहान आहेत, शब्द ओळखीचे आहेत, क्रिया पहिली-दुसरीची आहे. तरीही तक्ता पाठ केलेले मूल चुकेल, आणि ज्या मुलाने तक्ता कधी पाहिलाच नाही, पण बोरे मनात मांडून पाहिली, ते बरोबर उत्तर देईल. जो उपाय न शिकलेल्याला फायद्याचा आणि शिकलेल्याला तोट्याचा ठरतो, त्याला उपाय कसे म्हणावे?

हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. फ्रान्समध्ये १९८० च्या सुमारास ग्रेनोबल येथील गणित-शिक्षणाच्या संस्थेने लहान मुलांना एक प्रश्न दिला : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या संख्यांवरच काहीतरी क्रिया करून वय काढून दिले. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास झालेल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारले होते, की एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांसाठी किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला : भागाकार ३१, बाकी १२. पण '३२ बस' हे उत्तर फक्त २३ टक्के मुलांनी दिले. २९ टक्क्यांनी तर '३१ आणि बाकी १२ बस' असे लिहिले. उरलेल्या १२ सैनिकांनाही जायचे आहे, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही, कारण भागाकार सुरू होताच सैनिक आणि बस दोन्ही डोक्यातून निघून गेले होते.

याच्या नेमके उलट चित्र ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातून आले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले गेले. ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. नंतर त्याच मुलांना त्याच प्रकारची गणिते कागदावर दिली. शाब्दिक उदाहरणांत सुमारे ७४ टक्के आणि नुसत्या आकडेमोडीत सुमारे ३७ टक्के उत्तरे बरोबर आली. मुले थोडी असल्याने यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण 'शाब्दिक उदाहरण म्हणजे अवघड, नुसती आकडेमोड म्हणजे सोपी' ही आपली समजूत येथे उलटी पडते. गोष्ट ओळखीची असेल आणि मूल गोष्टीत राहिले असेल, तर शब्द अडथळा न होता आधार होतात.

मग उदाहरणे 'स्थानिक' केली की झाले, असे कोणी म्हणेल. सफरचंदाच्या जागी करवंदे, केकच्या जागी भाकरी आणि जॉनच्या जागी ज्ञानू. इतके पुरत नाही. हे उदाहरण पाहा : 'सहा बायका एका खाचराची भातलावणी चार दिवसांत करतात, तर २४ बायका किती दिवसांत करतील?' उत्तर एक दिवस. मुळशीतले मूल हे उत्तर लिहील. पण त्याने ४८ बायका घेतल्या, तर अर्धा दिवस म्हणायचे का? रोपे उपटून आणायला वेळ लागतो, चिखलणी आधी व्हावी लागते, आणि एवढ्याशा खाचरात ४८ जणी उभ्या कुठे राहणार? मुलाने ही शंका काढली, तर सरावसंचाजवळ उत्तर नाही. शिक्षकाजवळ मात्र असले पाहिजे, कारण समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण कोठपर्यंत चालते हा गणिताचाच प्रश्न आहे.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'त एका खांबावरच्या मोराचे उदाहरण आहे. खांब ९ हात उंच. खांबाच्या तळाशी साप बीळ करून राहतो. साप २७ हातांवरून बिळाकडे येत असताना मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? उत्तर १२ हात. येथे खुणेच्या शब्दाचा काही उपयोग नाही. आधी चित्र काढावे लागते, मगच हिशेब सुचतो.

मुळशीत अशा गणितांची वाण नाही. दोनच उदाहरणे देतो.

पहिले पावसाचे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी जमते. शाळेचे छप्पर १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आहे आणि ताम्हिणीच्या बाजूला आषाढात पडतो तसा दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला. छपरावर ६००० लिटर पाणी पडले. ४० मुलांना रोज प्रत्येकी ५ लिटर लागते, म्हणजे रोज २०० लिटर. पाणी किती दिवस पुरेल? घाईने उत्तर येते ३० दिवस. पण पन्हाळीखालची टाकी १००० लिटरचीच असेल, तर ५ दिवस. टाकी उदाहरणात सांगितलेली नाही. ती मुलांनी विचारली पाहिजे. धो-धो पावसाच्या प्रदेशात उन्हाळ्यात हंडा घेऊन का हिंडावे लागते, याचे अर्धे उत्तर या एका गणितात आहे.

दुसरे जमिनीचे. या तालुक्याला जमिनीचा हिशेब नवा नाही. टाटांच्या धरणाखाली जमिनी जाणार म्हणून येथल्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला; सेनापती बापट त्याचे पुढारी होते. गेल्या काही दशकांत पिरंगुट-हिंजवडीच्या बाजूला जमिनीचे व्यवहार वाढले. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, गावात बोलणे गुंठ्यात होते आणि बांधकामवाला चौरस फुटात बोलतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. समजा, एक जण गुंठ्याला ३ लाख रुपये देतो म्हणाला आणि दुसरा चौरस फुटाला २५० रुपये. कोणाचा भाव चढा? १०८९ × २५० = २,७२,२५०. पहिल्याचा. पाचवीच्या मुलाला हा गुणाकार येतो. पण 'गुणाकार कर' असे येथे कोणी सांगत नाही, आणि खुणेचा शब्दही नाही. पुढे खऱ्या व्यवहारातही तो नसतो. तक्त्यावर वाढलेले मूल तेथे काय करील?

शिक्षक म्हणतील, शिष्यवृत्ती परीक्षेत वेळ कमी असतो, तेव्हा तक्ता कामाला येतो. काही गुणांपुरते हे खरे असेल. पण त्याच परीक्षेत 'पेक्षा', 'तेव्हा', 'आधी' या शब्दांवर बेतलेले प्रश्न असतात आणि तक्ता नेमका तेथेच दगा देतो. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. संख्यांच्या भाषेवर इतकी चर्चा झाली, हे चांगलेच. तेवढीच चर्चा 'पेक्षा'वर व्हायला हवी.

तेव्हा वर्गात उद्यापासून काय करता येईल? आम्ही चार गोष्टी सुचवतो.

एक : उदाहरण सांगावे, पण प्रश्न झाकून ठेवावा. काय काय विचारता येईल, ते मुलांना सांगू द्यावे.

दोन : एका पानावर चारही क्रियांची उदाहरणे मिसळावीत. अधूनमधून एखादी जादा संख्या घालावी, आणि एखाद्या उदाहरणात माहिती अपुरी ठेवावी. 'हे सोडवता येणार नाही' हेही बरोबर उत्तर असते, हे मुलांना कळू द्यावे.

तीन : उत्तर आल्यावर ते गोष्टीत परत घालून पाहावे. सीमाची ७, मंगलची १२. मंगलची ५ ने जास्त आहेत ना? जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ च्या आपल्या पुस्तकात गणित सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्यांतली शेवटची हीच : मागे वळून पाहणे. आपल्या वह्यांत तिला जागाच नसते. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की काम संपते.

चार : मुलांकडून उदाहरणे रचून घ्यावीत. '२३ – १५ या वजाबाकीची गोष्ट तयार करा' असे सांगितले, की कोणाला वजाबाकी कळली आहे आणि कोणाला फक्त करता येते, ते पाच मिनिटांत दिसते.

यासाठी नवे साहित्य लागत नाही, खर्चही नाही. मात्र तासाला दहा उदाहरणांऐवजी तीनच होतील. वह्या कमी भरतील आणि तपासणीला आलेले साहेब विचारतील, इतकीच का? त्यांच्यापुढे मंगलच्या बोरांचे उदाहरण ठेवावे आणि वर्गाला ते बोलून सोडवायला सांगावे.