प्राध्यापकाची शैली आणि शेवटचे बाक

मराठीत प्राध्यापकाची थोरवी सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. कोणताही गौरवग्रंथ उघडा. सर वर्गात आले की मुले चिडीचूप होत. हातात कागदाचा कपटा नसे. तासभर वाणीचा ओघ चाले, कालिदासापासून शेक्सपिअरपर्यंत सारे मुखोद्गत. शेजारच्या वर्गातली मुले दाराशी उभी राहून ऐकत. या साऱ्या वर्णनात विद्यार्थी कोठे आहे? तो ऐकतो आहे. त्याने काय विचारले, त्याला काय कळले नाही, तो कोणत्या घरातून आला होता, याचा उल्लेख सहसा सापडत नाही. शैली म्हणजे वक्तृत्व ही समजूत पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा महाविद्यालयांत रुजली. तेथे बोलणारा आणि ऐकणारा एकाच भाषेचे, बहुधा एकाच आळीचे होते. सरांनी अर्धे वाक्य सोडले तर ऐकणारा ते घरच्या शिदोरीवर पुरे करी. शहापूर-मुरबाडच्या वर्गात ते अर्धे वाक्य तसेच लोंबकळत राहते.

या दोन तालुक्यांत मी बरीच वर्षे मराठी शिकवीत आलो आहे. समोर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी आणि आपली बौद्ध मुले असतात. शिकविणारे आम्ही बहुतेक कल्याण-डोंबिवलीकडून येणारे. कसारा लोकलने आसनगाव, तेथून रिक्षा. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून एसटी. दुपारच्या गाडीवर डोळा ठेवून शेवटचा तास उरकला जातो आणि मग व्हरांड्यात थांबलेल्या मुलाला 'उद्या ये' असे सांगितले जाते. हे मी दुसऱ्या कोणाविषयी सांगत नाही. शैलीची चर्चा करणाऱ्यांनी आवाज, हावभाव, फळा यांच्याआधी या गाडीचा विचार करावा.

शाळामास्तराला डी.एड., बी.एड. करावे लागते. महाविद्यालयीन अध्यापकाला नेट-सेट किंवा पीएच.डी. पुरते. त्याला विषय येतो की नाही हे पाहिले जाते, शिकविता येते की नाही हे कोणी पाहत नाही. म्हणून तो ज्याने आपल्याला शिकविले त्याच्यासारखे शिकवितो. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. पुढे त्यांचे नाव मनुष्यबळ विकास केंद्र झाले आणि 2023 पासून त्याच कामावर मालवीय मिशनची पाटी आली. तेथले प्रमाणपत्र वरच्या श्रेणीसाठी लागते, म्हणून आम्ही तेथे जातो. मी केलेल्या एका वर्गात 'प्रभावी अध्यापन' या विषयावर सलग दीड तास व्याख्यान झाले. कोणी प्रश्न विचारला नाही, आणि शेवटी व्याख्यात्यांनी विचारले, 'समजलं का?' आम्ही सारे प्राध्यापक एका सुरात 'हो सर' म्हणालो.

तो सूर माझ्या ओळखीचा होता. माझ्या वर्गात तो रोज उमटतो.

आता आपल्याच घराकडे वळतो, कारण हे टिपण प्रस्थापितांना नावे ठेवण्यासाठी लिहिलेले नाही. दलित साहित्य अभ्यासक्रमात यावे म्हणून आपण झगडलो आणि ते आले. ते शिकविले कसे जाते? मी कसे शिकविले तेवढे सांगतो. 'दलित साहित्याची वैशिष्ट्ये' असे शीर्षक फळ्यावर. खाली एक ते आठ : वेदना, नकार, विद्रोह, विज्ञाननिष्ठा, असे पुढे. मुले उतरवून घेत. परीक्षेत विद्रोह आठ मुद्द्यांत येई, दहापैकी सात गुण घेऊन जाई. जी वाङ्मयीन चळवळ मुकाट ऐकण्याच्या परंपरेविरुद्ध उभी राहिली, ती मी मुकाट ऐकायला लावून शिकविली. त्यात माझा आवाज चांगला. उतारा वाचताना वर्ग हेलावे, आणि आपण शिकविले असे मला वाटे. एकदा एका सहकाऱ्याने मात्र उतारा वाचायला मुद्दाम आपल्या वस्तीतल्या मुलाला उभे केले, 'तू चांगला वाचशील' म्हणून. तो मुलगा पुढचे आठ दिवस आला नाही. माझे हेलावणे आणि त्याचे उभे करणे यांत फार अंतर आहे असे मला आज वाटत नाही.

बाबासाहेबांच्या अध्यापनाची गोष्टही आपण गौरवग्रंथाच्याच साच्यात सांगतो. नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा अस्पृश्य प्राध्यापक काय शिकविणार, असे सुरुवातीला मुलांना वाटले, आणि पुढे इतर कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांच्या तासाला येऊ लागले. येथे टाळी पडते. याच काळात त्यांनी प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला हात लावू नये असा आक्षेप घेतला गेला, आणि वर्गात जाण्यापूर्वी ते अफाट तयारी करीत, ही दोन वाक्ये टाळीत बुडतात. त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. 1927 साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ कायद्यावर बोलताना त्यांनी परीक्षा आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे बजावले. दर्जाच्या नावाने परीक्षा कठोर करीत गेलो तर मागासलेले समाज दाराबाहेरच राहतील, हा त्यांचा मुद्दा होता. 1946 साली सिद्धार्थ कॉलेज निघाले तेव्हा ते सकाळचे होते, कारण मुलांना दिवसा नोकरी करावी लागे. कॉलेजची वेळ ठरविणे हा अध्यापनशैलीचा भाग आहे हे त्यांनी ओळखले होते. आमच्या भागात दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दुसरे सत्र नेमके तेव्हाच असते. हजेरीच्या नियमाने मी त्या मुलांना गैरहजर लिहितो, आणि मग 'आदिवासी मुलांना शिक्षणाची गोडी नाही' हे वाक्य खोलीत चहाबरोबर फिरते.

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (1981) आपण संस्कृतच्या मक्तेदारीवरचा घाव म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. कुमुद सोमकुवर या नावाला जी नोकरी मिळाली नाही ती लग्नानंतरच्या पावडे या नावाला मिळाली, हा त्यातला जळजळीत भाग. पण अध्यापकाने ते पुस्तक गोखले गुरुजींसाठी पुन्हा वाचावे. हा सनातनी दिसणारा ब्राह्मण आपल्याला संस्कृत शिकविणार नाही अशी त्या मुलीची धास्ती होती. त्यांनी मनापासून शिकविले. त्यांच्या वक्तृत्वाचे मला काहीच आठवत नाही. पुढे बसलेली मुलगी शिकायला आली आहे एवढे त्यांनी गृहीत धरले, हे आठवते. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, नांगर किंवा वाकस हाती धरायची त्यांना लाज वाटू नये, असे मांडले होते. गोखले गुरुजी या मागणीला अपवाद ठरतात की त्यांच्यामुळे तिचा अर्थ खोल होतो, यावर वाद व्हावा. मला दुसरे वाटते. जातीने जवळ असूनही दूर उभा राहिलेला प्राध्यापक मी आरशात पाहिला आहे.

मुरबाडकडचे इतिहासाचे एक मित्र आहेत. त्यांचे वक्तृत्व बेताचेच. नाणेघाटातला नागनिकेचा ब्राह्मी लेख शिकविताना तेही पूर्वी राजघराणे, यज्ञ, दक्षिणा, लिपी असे मुद्दे सांगत. त्या घाटाची वाट मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाकडून चढते. एका वर्षी वर्गात त्या बाजूची मुले निघाली. ते लेणे त्यांना पावसात गुरांसकट आडोसा घ्यायची जागा म्हणून ठाऊक होते. मित्राने टिपण बाजूला ठेवले आणि विचारले, 'लेखात हजारांनी गायी दान दिल्यात. त्या आल्या कुठून?' एक मुलगा म्हणाला, जकातीतून. जवळच असलेला दगडी रांजण त्याने पाहिला होता. जकातीचा रांजण म्हणून तो दाखविला जातो. दुसरा म्हणाला, जकात मालावर, पण माल वर नेला कोणी? तासाभरात यज्ञाच्या यादीखालून ओझी वाहणारी माणसे वर आली. त्यांची नावे लेखात नाहीत हे मुलांनीच दाखविले. मित्राने नवे काही वाचले नव्हते. त्याने प्रश्न बदलला आणि मग गप्प बसायची तयारी ठेवली. गप्प बसणे आम्हा प्राध्यापकांना सर्वांत जड जाते. शहापूरच्या अर्थशास्त्राच्या वर्गातही असे व्हायला हरकत नाही. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. पण 'टंचाई'ची व्याख्या पुस्तकातून लिहून दिली जाते.

या सगळ्याला एक रोख उत्तर आहे, आणि ते देणारा माझा तरुण सहकारी खोटे बोलत नाही. तो घड्याळी तासिकेवर आहे. सकाळी एका तालुक्यात, दुपारी दुसऱ्या. तासाचे पैसे मिळतात. तयारीचे, व्हरांड्यात थांबण्याचे, मुलाच्या पाड्यावर जाण्याचे मिळत नाहीत. त्याला 'शैली सुधार' म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे आहे. संघटनांनी कायम भरतीची मागणी लावून धरली पाहिजे यात शंका नाही. मात्र कायम पगारावर असलेले माझ्यासारखे या उत्तरामागे लपतात.

गेल्या काही वर्षांत मी 'समजलं का?' विचारणे बंद केले. तासाच्या शेवटी नाव न घालता एका चिठ्ठीवर जे कळले नाही ते लिहायला सांगतो. पहिले काही आठवडे कोऱ्या चिठ्ठ्या येत. मग शब्दांचे अर्थ विचारले जाऊ लागले. एक दिवस, एका आत्मकथनाच्या तासानंतर, पुढची चिठ्ठी आली : 'सर, वेदना म्हंजी काय ते माहीत हाय. जाणीव म्हंजी काय?'

हा शब्द आपल्या नियतकालिकांत पानोपानी येतो. मी स्वतः तो किती वेळा लिहिला याची गणती नाही. दुसऱ्या दिवशी मी उत्तर द्यायला उभा राहिलो आणि आत्मभान, सामाजिक वास्तव, मूल्यभाव असे तीन शब्द त्या एका शब्दासाठी दिले. शेवटच्या बाकांवरच्या वह्या उघडल्या आणि मुले उतरवून घेऊ लागली. मी थांबलो. पुढचा तास तो शब्द न वापरता घ्यायचे ठरविले. वीस मिनिटांत तो चार वेळा तोंडात आला.