‘द राइट ऑफ स्प्रिंग’ : ध्वनिमुद्रणांचा तौलनिक विचार

इगॉर स्ट्राव्हिन्स्की यांच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेचा पहिला प्रयोग २९ मे १९१३ रोजी पॅरिस येथे पिएर माँत्यू यांच्या संचालनाखाली झाला. संचालकाने संगीताचा अर्थ लावू नये, लिहिलेले तंतोतंत वाजवून घ्यावे, अशी स्ट्राव्हिन्स्की यांची भूमिका होती. प्रस्तुत लेखात ती ध्वनिमुद्रणांच्या आधारे तपासली आहे.

स्ट्राव्हिन्स्की यांनी ही रचना १९२९, १९४० व १९६० अशी तीनदा स्वतः ध्वनिमुद्रित केली. तिन्हींतील लय एकसारखी नाही. १९२९ मध्ये अखेरच्या बलिदान-नृत्यातील सतत बदलणाऱ्या मात्रा पेलताना वाद्यवृंदाची ओढाताण जाणवते. १९६० मधील वादन कोरडे व काटेकोर आहे. शिवाय १९४३ मध्ये त्यांनी या नृत्याचे पुनर्लेखन केले होते. म्हणजे स्वरलिपीही स्थिर नव्हती.

लिओनार्ड बर्नस्टाइन (न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, १९५८) आघातांना नाट्यमय जोर देतात. याउलट पिएर बुलेझ (क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रा, १९६९) वाद्यगटांचे थर स्वतंत्र राखतात. आरंभीच्या बासूनच्या उंच सुरावटीभोवती जमणारी सुषिर वाद्ये येथे एकमेकांत मिसळत नाहीत. रचनेची गुंतागुंत उलगडते. मात्र विधीतील भय काहीसे ओसरते.

सारांश, संगीतकाराचे ध्वनिमुद्रण हा महत्त्वाचा पुरावा आहे, अंतिम निवाडा नव्हे. आघाताचे वजन आणि थरांचा तोल स्वरलिपीत पूर्णपणे मावत नाहीत. त्यांचा निर्णय संचालकालाच घ्यावा लागतो. अर्थ न लावण्याची अपेक्षा खुद्द संगीतकारालाही पाळता आली नाही.