क्रॅचिटांच्या घरचा गूस

नाताळच्या जेवणात यंदा टर्कीऐवजी काय करावं, अशी चर्चा इंग्रजांच्या घरी सुरू झाली की हमखास गूसचं नाव निघतं. चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये हीच अदलाबदल उलटी झाली आहे. १९ डिसेंबर १८४३ ला निघालेल्या या लहानशा पुस्तकात गरिबाघरचा नाताळ गूसचा आहे आणि टर्की ही ऐनवेळी आलेली बदली.

आधी शब्दाची पंचाईत. गूसला हंस म्हणावं तर नळ-दमयंती आठवतात आणि घास घशाखाली उतरत नाही. बदक म्हणावं तर पक्षीच बदलतो. तेव्हा गूसच बरा. त्यात आपल्या ‘गूज’चा भास होतो, तोही मला आवडतो.

बॉब क्रॅचिट हा कंजूष मालक स्क्रूजचा कारकून. आठवड्याला पंधरा शिलिंग पगार, घरात नवराबायको आणि सहा मुलं. धाकटा टायनी टिम कुबडीवर चालतो. घरी चूल आहे, पण एवढा पक्षी भाजायला भट्टी नाही, म्हणून गूस बेकरकडे गेलेला आहे. लंडनच्या गरीब वस्तीत ही रीतच होती. सणाच्या दिवशी बेकर पाव भाजत नसे, तापलेल्या भट्टीत शेजारपाजारच्यांची जेवणं भाजून देई. आपल्याकडे रवा-मैदा-तूप घेऊन नानकटाईसाठी बेकरीत जायचे, ज्यांनी ते पत्रे राखत भट्टीपाशी वाट पाहिली आहे, त्यांना इथलं मर्म लगेच कळेल. क्रॅचिटांची दोन लहान मुलं धावत घरी येतात ती हीच बातमी घेऊन: दुकानाबाहेर वास आला, आणि तो आपल्याच गूसचा होता! सगळ्या गल्लीचे पक्षी एका भट्टीत, पण यांनी आपला वासावरून ओळखला. पक्षी अजून वाचकाच्या नजरेला पडलेला नाही आणि डिकन्सने त्याला घरचा करून टाकलं आहे.

पुढे तर तो पक्ष्याकडे बघतच नाही, त्याच्याभोवतीच्या हातांकडे बघतो. आई रस्सा गरम करते, पीटर जीव खाऊन बटाटे कुस्करतो, बेलिंडा सफरचंदाच्या चटणीत साखर घालते, मार्था ताटल्या पुसते, आणि बॉब टिमला आपल्याजवळ कोपऱ्यात बसवतो. दोघं धाकटे तोंडात चमचे कोंबून बसतात, आपली पाळी यायच्या आत ओरडायला नको म्हणून. मग आई सुरीच्या पात्याकडे सावकाश एक नजर टाकते, आणि सगळ्यांचा श्वास थांबतो. सुरी आत जाते, सेज आणि कांद्याचं सारण बाहेर उसळतं, आणि टेबलाभोवती आनंदाची एक कुजबुज फिरते. बारक्या टिमच्या तोंडूनही क्षीणसा जयजयकार निघतो.

चव कशी होती? ते लेखक स्वतः सांगत नाही. घरच्यांनी कशाकशाचं कौतुक केलं, एवढं नोंदवतो: मऊपणा, स्वाद, आकार आणि स्वस्ताई. या चौथ्या शब्दापाशी मी दर वेळी थांबतो. श्रीमंताच्या पंगतीत स्वस्ताईची तारीफ झाली तर यजमानाचा अपमान व्हायचा. इथे तोच गृहिणीचा मान आहे. गूस मुळात हाडाचरबीचा पक्षी. आठ जणांत त्याचं मांस पुरतं कुठे? चटणी आणि बटाट्यांनी ते पुरवून नेलंय, हे डिकन्स लपवत नाही. तरी शेवटी ताटात हाडाचा एवढासा कण उरतो आणि बाई समाधानाने म्हणतात की बघा, संपलासुद्धा नाही! ‘मला आता नको, पोट भरलं’ म्हणत पातेलं पुरवणाऱ्या बायका ज्यांच्या घरात होत्या, त्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

आता टर्की. पाचव्या प्रकरणात, भुतांच्या भेटींनी पालटलेला स्क्रूज नाताळच्या सकाळी खिडकीतून एका पोराला हाक मारतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली बक्षीसपात्र टर्की मागवतो. ती त्या पोराएवढी, टिमच्या दुप्पट. क्रॅचिटांच्या घरी, कॅम्डेन टाउनपर्यंत, न्यायला घोडागाडी करावी लागते. हा मजकूर विनोदाने फसफसतोय, पण त्यात सगळं वजनच आहे. वास नाही, वाफ नाही. पक्षी कच्चा आहे, आणि दिवस तर उजाडलेला! स्वयंपाक येणारा कुणीही विचारील, हे धूड भाजणार कधी आणि कुठे? डिकन्सला त्याची फिकीर नाही. तो कॅम्डेनला जातच नाही. स्क्रूजचं बोट धरून भाच्याच्या घरी जेवायला जातो. टर्कीचा एकही घास या पुस्तकात कुणी खात नाही.

आणखी एक गंमत अशी की गूसचं जेवण भुताने स्क्रूजला दाखवलं ते याच वर्षीच्या नाताळचं. म्हणजे स्क्रूज जागा झाला तेव्हा ते व्हायचंच होतं. टर्की पोचली आणि आपण पाहिलेली पंगत, निदान तशीच्या तशी, कधी बसलीच नाही. मग त्या गूसचं काय झालं? बेकरच्या भट्टीत तो असणारच. माझ्या मते स्क्रूजची टर्की हे देणाऱ्याच्या आनंदाचं पक्वान्न आहे, आणि तो आनंद खरा आहे; पण पुस्तकातली चव गूसलाच मिळाली.

इतिहासाने मात्र टर्कीची बाजू घेतली. अवघ्या अठरा वर्षांनी, १८६१ मध्ये, इझाबेला बीटनने आपल्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात लिहून टाकलं की मध्यमवर्गाचा नाताळ टर्कीशिवाय नाताळच नव्हे.

दुसऱ्या दिवशी बॉब कचेरीत साडेअठरा मिनिटं उशिरा येतो. काल जरा मौज झाली, एवढंच म्हणतो. टर्की कशी झाली होती हे तो सांगत नाही, आणि स्क्रूजही विचारत नाही.