गोवराचा रुग्ण-मृत्युदर : गणनापद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

२०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक झाला. मालेगाव, भिवंडी येथेही रुग्ण आढळले. त्या काळातील शासकीय आकडेवारीत संशयित रुग्ण, निश्चित निदान झालेले रुग्ण, निश्चित मृत्यू आणि संशयित मृत्यू अशी वेगवेगळी गणना होती. कोणत्या मृत्यूंना कोणत्या रुग्णसंख्येने भागावयाचे, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु एखाद्या वस्तीवर निष्काळजीपणाचा ठपका बसतो की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरते. म्हणून या गणनेची चिकित्सा अगत्याची आहे.

अंश आणि छेद

रुग्ण-मृत्युदर म्हणजे दर शंभर रुग्णांमागे होणारे मृत्यू. काल्पनिक उदाहरण घेतल्यास, एका वस्तीत १००० बालकांना गोवर झाला व १० दगावली, तर हा दर १ टक्का येतो. मृत्यू सर्व नोंदले गेले, पण रुग्ण मात्र २०० च नोंदले गेले, तर तोच दर ५ टक्के होतो. येथे रोग बदललेला नाही, केवळ नोंद बदलली आहे. याउलट, गोवराच्या मुलास औषध देऊ नये ही समजूत जेथे टिकून आहे, तेथे मृत्यूही घरीच होतात व अंश लहान होतो. पुरळ ओसरल्यावर न्यूमोनिया वा अतिसाराने झालेला मृत्यू तर अनेकदा त्याच रोगाच्या नावे जमा होतो. महाराष्ट्रातील बालमृत्यूंच्या अपुऱ्या नोंदींकडे 'कोवळी पानगळ' (२००१) या अहवालाने लक्ष वेधले होते, ते या संदर्भात आठवणे क्रमप्राप्त ठरते.

उपलब्ध अभ्यासांचे मूल्यमापन

वुल्फसन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये २९ देशांतील १०२ क्षेत्रीय अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात हा दर शून्यापासून सुमारे ४० टक्क्यांपर्यंत आढळला, मध्यक ३.९१ टक्के होता. त्याच वर्षी सडफेल्ड व हॅल्सी यांनी भारतातील समुदायाधारित अभ्यासांवरून १.६३ टक्के हा मध्यक मांडला. रुग्णालयाऐवजी वस्तीतील रुग्णांचा आधार घेणे, हे या आढाव्यांचे मोल होय. तथापि मध्यक हा कोणत्याही एका समाजाचा दर नव्हे. तो 'भारताचा दर' म्हणून सरसकट वापरल्यास वय, लसीकरण, पोषण व उपचारांची उपलब्धता यांतील विषमता झाकली जाते.

या संदर्भात मानववंशशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्या पीटर आबी यांचे गिनी-बिसाऊमधील कार्य महत्त्वाचे आहे. घराबाहेर लागण झालेल्या बालकापेक्षा त्याच घरात त्याच्यापासून लागण झालेल्या भावंडांत मृत्यू अधिक होतात, असे त्यांना दिसून आले. दाट सहवासात विषाणूची अधिक मात्रा शरीरात जाते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. ते मान्य केल्यास एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबातील मृत्यूची कारणमीमांसा पालकांच्या वर्तनापुरती मर्यादित ठेवता येत नाही. घराचे क्षेत्रफळही विचारात घ्यावे लागते.

निष्कर्ष

गोवरावरील लस मोठ्या प्रमाणावर तयार करणारी सीरम इन्स्टिट्यूट आणि विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, या दोन्ही पुण्यात आहेत. परंतु प्रयोगशाळा विषाणू ओळखते. प्रयोगशाळेपर्यंत न पोहोचलेल्या बालकांची गणना ती करू शकत नाही. त्यासाठी घरोघरची अखंड नोंद लागते. पुणे जिल्ह्यातील वढू परिसरात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून गावपातळीवर अशी लोकसंख्या-नोंद उभी केली. शहरी वस्त्यांतही हा मार्ग अनुसरणे आवश्यक आहे. प्रत्येक उद्रेकानंतर घरोघर पाहणी व्हावी, पुरळ उठल्यापासून किमान ३० दिवसांतील मृत्यू तपासले जावेत आणि घरातील पहिला व नंतरचा रुग्ण वेगळा नोंदला जावा. तोपर्यंत दोन समाजांच्या मृत्युदरांची तुलना करणे म्हणजे बहुतांशी त्यांच्या नोंदवह्यांची तुलना करणे होय. त्या आधारे कोणत्याही समाजाला दोषी ठरविणे शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय नाही.