अपारंपरिक ऊर्जा प्रकल्पांचे अर्थसाहाय्य : पिंपळगाव बसवंत परिसराच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

सारांश

अपारंपरिक ऊर्जेसाठी शासकीय अनुदान, बँककर्ज आणि खाजगी गुंतवणूक असे तिन्ही मार्ग आज उपलब्ध आहेत. तथापि प्रत्येक मार्गामागे लाभार्थीची एक विशिष्ट प्रतिमा गृहीत धरलेली असते. त्या प्रतिमेत व्यक्तिगत शेतकरी बसतो, मोठी कंपनीही बसते. मात्र शेतकऱ्यांची संस्था, ग्रामपंचायत आणि महाविद्यालय यांना तेथे जागा अपुरी पडते. प्रस्तुत लेखात निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत व भोवतालचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या अर्थव्यवस्थेची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : सौरऊर्जा, अनुदान, कुसुम योजना, वेगवर्धित घसारा, शेतकरी उत्पादक कंपनी, गायरान.

१. प्रस्तावना

पिंपळगाव बसवंत ही कांदा, टोमॅटो व द्राक्षे यांची मोठी बाजारपेठ आहे. या परिसराची विजेची गरज केवळ विहिरीवरील पंपापुरती मर्यादित नाही. काढणीनंतर काही तासांतच द्राक्षांचे पूर्वशीतकरण करावे लागते. त्यानंतर शीतगृह, प्रतवारी व वेष्टन या प्रत्येक टप्प्यावर वीज लागते. द्राक्षांचा मुख्य हंगाम जानेवारी ते एप्रिल हा असून स्वच्छ उन्हाचा काळही तोच. मागणी आणि सूर्यप्रकाश यांचा असा मेळ सर्वत्र आढळत नाही. मग येथे स्थानिक मालकीचे सौरप्रकल्प विपुल प्रमाणात का उभे राहू नयेत? या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा अर्थसाहाय्याच्या रचनेत शोधावे लागते.

२. करसवलतीची परंपरा

केंद्राच्या पातळीवर १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग आणि १९८७ मध्ये इरेडा ही वित्तसंस्था स्थापन झाली. राज्यात मेडा ही संस्था १९८० च्या दशकातच आकारास आली. असे असले तरी महाराष्ट्रात पवनऊर्जेला खरी गती मिळाली ती वेगवर्धित घसाऱ्यामुळे. पवनचक्कीच्या किमतीपैकी ८० टक्के रक्कम पहिल्याच वर्षी घसारा म्हणून वजा करण्याची मुभा उद्योजकांना होती. साताऱ्यातील वनकुसवडे आणि धुळ्यातील साक्रीचा पट्टा या काळात पवनचक्क्यांनी भरून गेला.

या सवलतीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सवलत यंत्र उभारण्याला होती, वीज निर्माण करण्याला नव्हती. शासनाने २००९ मध्ये युनिटमागे ५० पैसे उत्पादनाधारित प्रोत्साहन सुरू केले, त्यात या उणिवेची अप्रत्यक्ष कबुली दिसते. एप्रिल २०१२ मध्ये सवलत काढली गेली, २०१४ मध्ये ती परत आली आणि एप्रिल २०१७ पासून तिचा दर ४० टक्क्यांवर आणला गेला. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. शेतीउत्पन्न आयकरमुक्त असते. ज्याला करच भरावा लागत नाही, त्याला घसाऱ्याचा काय उपयोग? शैक्षणिक न्यासाची स्थितीही याहून फारशी वेगळी नाही. परिणामी डोंगर गावाचा आणि पवनचक्की दूरच्या करदात्याची, अशी मालकीची विभागणी झाली. तिचे मूळ कोणाच्या कारस्थानात नसून अर्थसाहाय्याच्या स्वरूपात होते.

३. कुसुम योजना : एकाच योजनेतील दोन न्याय

केंद्राची कुसुम योजना २०१९ मध्ये मंजूर झाली. पुढे तिची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. तिच्या ‘ब’ घटकात स्वतंत्र सौरपंपांना साहाय्य आहे. महाराष्ट्रात शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी ५ टक्के ठेवण्यात आला. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतही हेच प्रमाण आहे. व्यक्तिगत लाभाच्या दृष्टीने ही तरतूद उदार म्हणावी लागेल.

‘अ’ घटकाची उद्दिष्टे याहून व्यापक होती. शेतकरी, सहकारी संस्था, ग्रामपंचायती, उत्पादक कंपन्या व पाणीवापर संस्था यांनी ५०० किलोवॅट ते २ मेगावॅट क्षमतेचे प्रकल्प स्वतः उभारून वीज विकावी, अशी ही कल्पना होती. तिची आर्थिक बाजू उदाहरणाने तपासता येईल. एक मेगावॅटचा खर्च साडेतीन कोटी रुपये धरला, तर ७० टक्के म्हणजे २.४५ कोटी कर्ज आणि १.०५ कोटी स्वतःचे भांडवल लागेल. वार्षिक उत्पादन सुमारे १५ ते १६ लाख युनिट आणि दर तीन रुपयांच्या आसपास धरल्यास उत्पन्न ४५ ते ४८ लाख रुपये होते. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची परतफेड धरली, तर पहिल्या वर्षी व्याज व मुद्दल मिळून ४९ लाख रुपये द्यावे लागतात. देखभाल, विमा व पॅनेल धुण्याचा खर्च अद्याप हिशेबात धरलेला नाही. कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे तीन टक्के व्याजसवलत मिळाली, तर वर्षाला कमाल सहा लाखांचा दिलासा मिळतो, परंतु १.०५ कोटींचे भांडवल उभे करण्याचा प्रश्न तसाच राहतो.

याच योजनेच्या ‘क’ घटकात, कृषिवाहिन्यांच्या सौरीकरणासाठी, केंद्र ३० टक्के म्हणजे मेगावॅटमागे कमाल १.०५ कोटी रुपये भांडवली साहाय्य देते. जी रक्कम गावाला उभी करता येत नाही, नेमकी तीच येथे अनुदानरूपाने उपलब्ध आहे. ‘अ’ घटकात मात्र उत्पादकाला भांडवली साहाय्य नाही; युनिटमागे ४० पैशांपर्यंतचे प्रोत्साहन आहे, तेही वीज वितरण कंपनीला. निविदेतून अनुदानाचा लाभ कमी दराच्या रूपाने जनतेला मिळतो, हा युक्तिवाद खरा आहे. परंतु अनुदानाविना उभ्या राहणाऱ्या छोट्या प्रकल्पानेही जवळपास त्याच दराने वीज विकावी, ही अपेक्षा न्याय्य ठरत नाही.

४. सौर कृषी वाहिनी आणि गायरान

राज्याने २०१७ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि मार्च २०२४ मध्ये सुमारे ९,००० मेगावॅटची इरादापत्रे देण्यात आली. दिवसा वीज मिळणे ही शेतकऱ्याची जुनी मागणी आहे. रात्री पाणी भरण्यास जाणाऱ्याच्या जिवाचा धोका लक्षात घेता या योजनेचे मोल कमी लेखता येणार नाही. मोठ्या निविदांमुळे दर घटतात, हेही मान्य केले पाहिजे.

तरीही दोन बाबी चिकित्सेस पात्र ठरतात. खाजगी जमिनीसाठी हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ, अशी तरतूद आहे. कोरडवाहू जमिनीसाठी हा दर आकर्षक ठरू शकतो. परंतु निफाडच्या बागायती पट्ट्यात चालती द्राक्षबाग काढून एकरी पन्नास हजारांचे भाडे कोण स्वीकारील? साहजिकच प्रकल्प पडीक व गायरान जमिनींकडे वळतात. गायरानावरील प्रकल्पासाठी ग्रामपंचायतीला वार्षिक पाच लाखांप्रमाणे तीन वर्षांत पंधरा लाख रुपये मिळतात. वीजखरेदीचा करार मात्र पंचवीस वर्षांचा असतो. उरलेल्या बावीस वर्षांत गावाच्या सामायिक जमिनीवर निर्माण होणाऱ्या विजेत गावाचा हिस्सा कोणता, याचे उत्तर या तरतुदीत मिळत नाही.

५. बँका व खाजगी भांडवल

रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचा समावेश अग्रक्रम क्षेत्रात केला. कर्जाची मर्यादा १५ कोटींवरून २०२० मध्ये ३० कोटी व २०२५ मध्ये ३५ कोटी झाली. मर्यादा वाढल्याने मोठ्या कर्जदाराची सोय झाली. लहान कर्जदाराची अडचण मर्यादेची नसून तारणाची आहे. द्राक्ष उत्पादकाच्या सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आधीच असतो आणि सामायिक खातेदारांची संमती मिळविणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. जिल्हा मध्यवर्ती बँक थकबाकीच्या ओझ्याखाली असल्याने सहकारी पतपुरवठ्याचा पूर्वीचा आधारही क्षीण झाला आहे.

खाजगी भांडवलाच्या संदर्भात दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्सचे उदाहरण बोलके आहे. २०२२ मध्ये इन्कोफिन, कोरिस, एफएमओ व प्रोपार्को या युरोपीय गुंतवणूकदारांनी तेथे सुमारे ३१० कोटी रुपये गुंतविले. त्या निधीच्या नियोजित उपयोगांत टाकाऊ जैवभारापासून वीजनिर्मितीचाही समावेश होता. येथे ऊर्जेसाठी स्वतंत्र निधी शोधावा लागला नाही. निर्यातीचा पूर्वेतिहास, लेखापरीक्षित हिशेब आणि शेतकऱ्यांचे संघटन यांच्यामागे भांडवल आले व त्यात ऊर्जा सामावली गेली. मात्र या उंचीवर पोहोचलेल्या संस्था विरळा आहेत, हे विसरून चालणार नाही.

कंपनी कायदा २०१३ नुसार येणारा सामाजिक दायित्व निधी हा आणखी एक स्रोत आहे. तो सामान्यतः यंत्र देतो, यंत्राचा सांभाळ देत नाही. पाच-सहा वर्षांनी इन्व्हर्टर बिघडल्यास खर्च कोणी करावयाचा, याची तरतूद देणगीपत्रातच असावयास हवी.

६. शैक्षणिक संस्थांचे स्थान

२०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती छतासाठी कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. महाविद्यालये त्यात बसत नाहीत. छतावरील सौरऊर्जेच्या २०१९ मधील दुसऱ्या टप्प्यापासूनच भांडवली साहाय्य घरगुती ग्राहकांपुरते सीमित झाले. एकीकडे नॅकच्या मूल्यांकनात पर्यायी ऊर्जेची विचारणा होते आणि दुसरीकडे अनुदानाचे दार बंद आहे. अशा वेळी कंपनीने स्वखर्चाने संच बसवावा व संस्थेने युनिटप्रमाणे पैसे द्यावेत, हा मार्ग उरतो. तो त्याज्य नाही. तथापि वार्षिक दरवाढ, किमान वीजखरेदीची अट आणि मुदतीनंतरची मालकी ही तीन कलमे वाचल्याशिवाय स्वाक्षरी करणे धोक्याचे आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, निधीची टंचाई ही मुख्य अडचण नाही. सामूहिक मालकीला सोसेल असा निधी नसणे, ही खरी अडचण आहे. हा परिसर सामूहिक कार्यास अपरिचित आहे असेही नाही. जवळच्या ओझर येथे समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने १९९० च्या सुमारास पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे वाघाड प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांनी हाती घेतले. जे पाण्याच्या बाबतीत साधले, ते विजेच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही.

त्यासाठी तीन सुधारणा अगत्याच्या वाटतात. ‘अ’ घटकातील सामूहिक प्रकल्पांना ‘क’ घटकाइतकेच भांडवली साहाय्य मिळावे. गायरानावरील प्रकल्पात ग्रामपंचायतीला ठोक रकमेऐवजी कराराच्या संपूर्ण मुदतीत उत्पादनाशी निगडित हिस्सा मिळावा. आणि सर्वेक्षण, प्रकल्प अहवाल व कायदेशीर सल्ला यांसाठी लहान संस्थांना पूर्वतयारीचा निधी मिळावा. कारण कर्जाच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बहुतेक प्रस्ताव याच टप्प्यावर अडतात.

या तिसऱ्या कामात महाविद्यालयांना निधीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. वीजवापराचे सर्वेक्षण भौतिकशास्त्र विभागाला, परतफेडीचा हिशेब वाणिज्य विभागाला आणि जमिनीच्या नोंदींचा अभ्यास भूगोल विभागाला करता येईल. परिसरातील एखाद्या पाणीवापर संस्थेसाठी असा एक मराठी प्रकल्प अहवाल जरी सिद्ध झाला, तरी बहुविद्याशाखीय संशोधन या शब्दाला गावाच्या दृष्टीने काही अर्थ प्राप्त होईल.